गुप्त लिपी उलगडणारी एलिझबेथबाई

लहानपणी आम्ही मैत्रिणी ‘च’ची भाषा बोलत असू. कमळाला चमळक म्हणावयाचे. मोठ्यांना काही कळत नाही अशी आमची समजूत. आई मात्र एका दिवसात ती शिकली! गुप्त भाषेशी माझा संबंध एवढाच. परंतु मागे माझ्या धाकट्या लेकीने एलिझबेथ फ्रीडमन ह्या अमेरिकन बाईंची हकीकत सांगितली, ती मनात राहिली. तीच भगिनींना सांगते.

एलिझबेथबाईंचा जन्म १८९२ साली इंडियाना प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. नऊ भावंडांत त्या धाकट्या. मुलीने कॉलेजात जावे हे वडिलांना पसंत नव्हते. अखेर त्यांनी पैसे दिले, पण कर्जाऊ, शेकडा सहा टक्के व्याजाने! पोटच्या मुलीला व्याज लावले हे ऐकून मला वाईट वाटले. बाई मात्र शिकल्या आणि १९१५ साली इंग्रजी साहित्याच्या पदवीधर झाल्या.

पुढल्या वर्षी शिकागोच्या एका ग्रंथालयात त्या शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा छापील ग्रंथ पाहावयास गेल्या. तेथून फेबियन नावाच्या एका धनिकाने त्यांना आपल्या रिव्हरबँक येथील संस्थेत कामास नेले. तेथे गॅलप नावाच्या वृद्ध बाई होत्या. त्या ग्रंथात दोन वळणांची अक्षरे आहेत, पाच-पाच अक्षरांचा गट पाडून वाचले की बेकनने लपविलेला मजकूर सापडतो, अशी त्यांची खात्री होती. एलिझबेथबाई त्यांच्या हाताखाली बसल्या. पण गॅलपबाईंना दिसे ते ह्यांना दिसेना! प्रथम त्यांना आपलीच नजर कच्ची वाटली. पुढे ध्यानात आले की दुसऱ्या कोणालाही तसे दिसत नाही.

मग गुप्त लिपी उलगडण्याची खरी रीत कोणती? ती ऐकावयास सोपी आहे. एका अक्षराऐवजी दुसरे लिहिले तरी भाषेची खोड जात नाही. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर शंभरांत सुमारे बारा वेळा येते. म्हणून आधी प्रत्येक खूण किती वेळा आली ते मोजावयाचे, मग अदमास करावयाचा, आणि तो सगळ्या मजकुराला लावून पाहावयाचा. एके ठिकाणी अडला तर अदमास खोडावयाचा.

लेकीने मला तशी एक चिठ्ठी लिहून दिली. पहिला शब्द ‘आई’च असणार असे मी मनाशी ठरविले. पुढे काही जुळेना, तेव्हा चिठ्ठीच चुकली आहे म्हणून मी तिच्यावर रागावले! दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडून झाल्यावर शांतपणे मोजावयास बसले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन अक्षरांचा एकच शब्द येत होता. तेथे ‘आहे’ घालून पाहिले आणि एकेक अक्षर सुटत गेले. गॅलपबाईंची चूक मला तेव्हा कळली. हवे ते आधी ठरवून अक्षरे वाकविली की काय वाटेल ते वाचता येते.

रिव्हरबँकलाच एलिझबेथबाईंना विल्यम फ्रीडमन भेटले. १९१७ साली त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली, आणि दोघांनी सैन्यातील अधिकाऱ्यांना ही विद्या शिकविली. पुढे अमेरिकेत दारूबंदी असताना समुद्रावरून चोरटी दारू आणणाऱ्यांचे संदेश बाई उलगडीत. घरी दोन लहान मुले होती, तरी तीन वर्षांत त्यांनी व त्यांच्या मदतनिसाने सुमारे १२,००० संदेश सोडविले. १९३३ साली न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात त्यांच्या साक्षीने टोळीचे म्होरके दोषी ठरले.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतील जर्मन हेरांचे संदेश त्यांच्या तुकडीने उलगडले. त्याचे श्रेय मात्र सरकारच्या दुसऱ्याच खात्याने घेतले. गुप्ततेची शपथ असल्याने बाईंनी तोंड उघडले नाही. त्या १९८० साली वारल्या. कागद खुले झाले ते नंतर कित्येक वर्षांनी.

मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे १९५७ सालचे पुस्तक. ज्या शोधासाठी त्यांना रिव्हरबँकला नेले होते तो शोध खोटा आहे, शेक्सपिअरच्या ग्रंथात असा लपविलेला मजकूर नाही, हे पतीसह त्यांनी पुराव्याने दाखविले. नसलेले नाही म्हणावयास धैर्य लागते. तेही जेथे आपण पहिला धडा गिरविला त्या घराविषयी.

घरात खपणाऱ्या बायकांचे श्रेयही बहुधा असेच बंद कागदांत राहते. निदान ह्या बाईंचे नाव आपल्या मुलींच्या कानी पडावे, म्हणून हे चार शब्द लिहिले.