बरणीतल्या गोळीमागचे वालचंद

मीरा रोड-भाईंदर परिसरातील जुन्या वळणाच्या किराणा दुकानांत गल्ल्याशेजारी गोळ्यांच्या पारदर्शक बरण्या मांडलेल्या दिसतात. ही मांडणी केवळ शोभेची नसते. सामान बांधून होईपर्यंत आईचा हात धरून उभ्या असलेल्या मुलाची नजर तेथेच खिळते. सुट्या पैशांची चणचण असली की दुकानदारही मोडीऐवजी दोन गोळ्या हातावर ठेवतो. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या आठवणीत या बरण्यांतली गोळी म्हणजे रावळगावची. तिच्यामागे शेठ वालचंद हिराचंद यांचे कर्तृत्व होते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात वालचंदांचा जन्म झाला. घरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले आणि तेथून त्यांच्या उद्योगाची वाट खुली झाली.

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. परंतु ब्रिटिश कंपन्यांनी दरयुद्ध पुकारले आणि १९२३ च्या करारानुसार सिंदियाला किनारी वाहतुकीवर समाधान मानावे लागले. जहाज स्वतःचे असले तरी सागरी मार्गावर हक्काची जागा मिळणे वेगळे, याचा हा कटू अनुभव होता.

मालेगाव तालुक्यातील रावळगावच्या खडकाळ माळरानावर त्यांनी ऊस पिकवला आणि १९३३ मध्ये साखरेचा कारखाना सुरू झाला. १९४२ मध्ये तेथे गोळ्यांचे उत्पादन होऊ लागले. बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी आणि प्रीमियर मोटारींचा कारखाना ही त्यांचीच स्वप्ने. पण ती वाहने सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती. गोळी मात्र शाळकरी मुलालाही खाऊच्या पैशांत घेता येई.

८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ या गोळ्या घराघरांत पोहोचल्या. कालांतराने दुकानांचे स्वरूप पालटले. स्वयंसेवा पद्धतीच्या मोठ्या दालनांत बरणीची जागा फडताळाने घेतली. रंगीत वेष्टनातला खाऊ मुलांच्या हाताला येईल अशा बेताने खालच्या कप्प्यांत आणि पैसे भरण्याच्या रांगेलगत मांडला जाऊ लागला. त्या फडताळावरील जागेसाठी मोठ्या कंपन्यांची चुरस लागली. वाढती स्पर्धा आणि वाढता खर्च यांपुढे रावळगावचा निभाव लागला नाही. २०२४ मध्ये हा गोळ्यांचा व्यवसाय २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे गेला.

मुलांच्या नजरेवर चाललेल्या या व्यापाराची दखल कायद्यानेही घेतली आहे. अतिरिक्त साखर, मीठ वा स्निग्धांश असलेल्या पदार्थांची शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विक्री व जाहिरात करण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली. दुकानातील मांडणीला मात्र तो नियम लागू नाही. पूर्वी दुकानदार बरणी उघडण्यापूर्वी आईच्या चेहऱ्याकडे पाहत असे. आता खाऊ थेट मुलाच्या हाती येतो, आणि नको म्हणण्याचे काम एकट्या आईकडे उरते.