वीर यशवंत घाडगे

शौर्याची कथा सांगताना रणांगणाचे वर्णन पुष्कळ होते. मागे राहिलेल्या घराची आठवण क्वचितच निघते. नाईक यशवंत घाडगे यांचे चरित्र या दोन्ही दृष्टींनी आपण वाचावे असे आहे.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव-आमडोशी येथे झाला. पोटासाठी मुंबईची गिरणी गाठावी किंवा पलटणीत नाव घालावे, असा कोकणातील कित्येक घरांचा परिपाठ होता. यशवंतराव पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. त्यांचे लग्नही झाले होते.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. १९४४ च्या जूनमध्ये रोम पडल्यावर जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. पण इटलीतील प्रत्येक टेकडी त्यांनी लढवली. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठ्यांच्या एका कंपनीने अशाच एका ठाण्यावर हल्ला केला. यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. क्षणात सारे सोबती ठार वा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

ते मागे फिरले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातबाँब फेकला. मशीनगन व ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. दुसऱ्या एकाला त्यांनी टॉमीगनने टिपले. पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच जागी त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या तरुण पत्नीच्या हाती देण्यात आला. देह मात्र गावी आला नाही. इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

त्या वेळी आपला नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आज आपल्या खेड्यापाड्यांतूनही मुले सैन्यात जातात आणि आई-पत्नीचा जीव सीमेवर टांगलेला असतो. सरकार पदक देते. पण पती गेलेल्या स्त्रीला हळदीकुंकवाला न बोलावण्याची रीत आपल्याकडून अजून पुरती सुटलेली नाही. ज्या घराने सर्वस्व दिले, त्याच घरच्या सुनेला उंबऱ्याबाहेर ठेवणे हा कोणता न्याय?

येत्या संक्रांतीला आपल्या गल्लीतील वीरपत्नीला मानाने बोलावू या, आणि पहिला पाट तिच्यासाठी मांडू या. यशवंतरावांचे स्मरण आपल्या हातून याहून चांगले व्हायचे नाही.