शंभुनाथ डे : कॉलऱ्याचा ‘बग’ पकडणारा डॉक्टर

अ‍ॅप क्रॅश झालं की डेव्हलपर आधी काय करतो? तोच बग आपल्या मशीनवर पुन्हा घडवून बघतो. तो घडलाच नाही तर दुरुस्त काय करणार? कॉलरा, म्हणजे पटकीच्या बाबतीत शास्त्रज्ञ नेमके इथेच अडकले होते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचा जिवाणू ओळखला. पण तो देऊनही उंदरांना कॉलरा काही होईना! मग हा जिवाणू माणसाला मारतो कसा, हे कळायचं कसं?

हा तिढा सोडवला शंभुनाथ डे यांनी. जन्म १९१५ चा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला. कोलकात्यात डॉक्टर झाले, लंडनला पीएचडी केली आणि १९४९ मध्ये परत आले. गावात कॉलऱ्याचे पेशंट भरपूर, प्रयोगशाळेत साधनं मात्र बेताचीच.

तोवर बरेच जण प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत जिवाणू टोचून बघत होते. डे यांचा विचार साधा होता : पेशंटचं पाणी आतड्यातून जातं, जिवाणूही तिथेच असतो, मग तिथेच बघूया. त्यांनी सशाच्या आतड्याचा छोटा तुकडा पोटातच दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्यात जिवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला! हे १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं.

पुढची पायरी त्याहून भारी. त्यांनी द्रवातून जिवाणू गाळून काढले आणि उरलेला द्रव आतड्यात सोडला. तरीही आतडं फुगलं. म्हणजे दोषी होतं जिवाणूने बाहेर सोडलेलं विष. तेच शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं आणि पेशंट कोरडा पडतो. हा शोध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

जगाने दखल घेतली, पण उशिरा. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रण आलं. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव सुचवलंही, पण पुरस्कार मिळाला नाही. १९८५ मध्ये ते गेले.

मोठ्या उंदरांना कॉलरा आजही सहज होत नाही, म्हणून अनेक प्रयोगांत उंदरांची तान्ही पिल्लं वापरतात. प्रश्न मात्र डे यांचाच : आपण योग्य जागी बघतोय ना?