लाँच बंद असताना मूल आजारी पडले तर? मांडव्यात डॉ. अंतियांनी शोधलेले उत्तर

गेटवेवरून मांडव्याला लाँचने तासभर लागतो. पण पावसाळ्यात लाँच बंद होतात. १९७०च्या दशकात रो-रो बोटही नव्हती. मुंबई समोर दिसायची, पण रुग्णाला पेणमार्गे लांबचा वळसा घ्यावा लागे. याच मांडव्यात डॉ. नोशीर अंतिया यांनी आरोग्यसेवेचा वेगळा प्रयोग केला.

कोण होते डॉ. अंतिया?
जन्म १९२२, हुबळी. मुंबईत वैद्यकीय शिक्षण, इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरीचे प्रशिक्षण. परतल्यावर त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या हातांवर आणि चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. जे.जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. रुग्ण उशिरा येतात, हे त्यांनी तिथे रोज पाहिले.

मांडव्यात काय केले?
परिसरातील सुमारे ३० गावांत, जेमतेम शिकलेल्या स्थानिक महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. साधे आजार गावातच बरे करायचे, गंभीर रुग्ण वेळेत पुढे पाठवायचा, ही त्यामागची कल्पना होती. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्य संशोधनासाठी संस्थाही स्थापली.

वेळेचे महत्त्व किती?
मुलांचे आतडे अडणे हे त्याचे ठळक उदाहरण. लहानग्यांमध्ये कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो, थोड्या मोठ्या मुलांत कधी जंतांचा गोळा अडकतो. वेळेत पोहोचल्यास आत शिरलेले आतडे बहुतेक वेळा गुदद्वारातून हवा किंवा सलाइनचा दाब देऊन सरळ करता येते. जंतांचा अडथळा तोंडाने काही न देता, नाकातून नळी आणि सलाइन लावून अनेकदा सुटतो. उशीर झाल्यास आतडे सडते आणि तो भाग कापावा लागतो.

काय ओळखायचे?
हिरवी उलटी, फुगलेले पोट, शी आणि वारा बंद, थांबून थांबून कळवळून रडणे, रक्त-शेंबूड मिसळलेली लाल शी. ही लक्षणे ओळखायला पदवी लागत नाही. जुलाबाचे किंवा जंताचे औषध देत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पुढे काय झाले?
सेविकांच्या कामामुळे हितसंबंध दुखावले, विरोध वाढला आणि प्रकल्प थांबला. अंतियांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. २००५ पासून देशभर 'आशा' सेविका आल्या. २००७ मध्ये अंतियांचे निधन झाले. शस्त्रक्रिया शहरात होते, पण मूल तिथे वेळेत पोहोचेल की नाही हे गावातच ठरते, हा मांडव्याचा धडा आजही लागू आहे.