अहिल्याबाई आणि नर्मदेचे मासे

सातपुड्यापलीकडे जुन्या खानदेशची सीमा नर्मदेला भिडते. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, महेश्वर येथे, अहिल्याबाई होळकरांची राजधानी होती. चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या या साध्वीने पती, सासरे व पुत्र यांच्या निधनानंतर १७६७ मध्ये राज्यभार स्वीकारला आणि १७९५ पर्यंत, देहावसानापर्यंत, वाहिला. पुढे माळव्यात आलेल्या जॉन माल्कमने नोंदविले आहे की, शेतांतून हुसकलेल्या पाखरांसाठी त्यांनी शेते विकत घेतली होती आणि नदीतील माशांनाही अन्न घातले जाई. केवढी ही माया! तेव्हा नर्मदेत महाशीर विपुल होता. या माशाला निर्मळ, खळाळते पाणी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धरणांनी ते पाणी अडविले, आणि महाशीर विरळ झाला.