ऑटो लिलिएन्थाल : नऊ सेकंदांची दोन हजार उड्डाणे



शाळेत रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचा क्लब सुरू करायचा विषय निघाला, की लगेच दोन मतं पुढे येतात. काही जण म्हणतात, मुलांना उडवू द्या, पडत-धडपडत शिकतील. काही जण विचारतात, कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच आज आपण अशा माणसाचं चरित्र पाहू या, ज्याने या दोन्ही बाजू आयुष्यभर सांभाळायचा प्रयत्न केला. त्याचं नाव ऑटो लिलिएन्थाल. राइट बंधूंच्या आधी, पंखांच्या आधाराने हवेत तरंगत पुन्हा पुन्हा यशस्वीपणे उतरणारा हा माणूस.

बालपण

ऑटोचा जन्म 23 मे 1848 रोजी झाला. आंक्लाम हे त्याचं गाव आजच्या जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्रापासून जवळ आहे. धाकटा भाऊ गुस्ताव त्याच्यापेक्षा एका वर्षाने लहान. गावाभोवतीच्या कुरणांत करकोचे उतरायचे. एवढा मोठा पक्षी पंख फारसे न हलवता वर कसा राहतो, हे दोघे भाऊ तासन् तास बघत बसायचे.

ऑटो 13 वर्षांचा असताना वडील वारले. आईने मुलांचं शिक्षण मात्र थांबू दिलं नाही. पुढे वर्षभरात या भावांनी लाकडी फळ्यांचे पंख केले, हातांना बांधले आणि टेकडीवरून धावून पाहिलं. हा प्रयोग ते रात्री करायचे, कारण शाळेतली मुलं हसतील ही भीती! उडता काही आलं नाही, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपल्या वर्गातही असा एखादा ऑटो असतो. तो हसण्याला घाबरून गप्प बसलेला असतो, एवढं आपण लक्षात ठेवायला हवं.

इंजिनिअर आणि उद्योजक

पॉट्सडॅम आणि मग बर्लिन इथे ऑटोने तंत्रशिक्षण घेतलं. 1870 मध्ये तो पदवीधर इंजिनिअर झाला. फ्रान्सबरोबरच्या युद्धात त्याला जावं लागलं. परत आल्यावर नोकरी आणि फावल्या वेळात पक्ष्यांच्या उडण्याचा अभ्यास, असं सुरू झालं.

इथे मुलांना सांगण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, या दोन भावांनी दगडासारखे टणक, रंगीत खेळण्यांचे ठोकळे तयार केले. वाळू, खडू आणि जवसाचं तेल यांच्या मिश्रणातून ते बनायचे. त्यांना स्वतःला ते विकता आले नाहीत. 1880 मध्ये हक्क विकले आणि घेणाऱ्याने मात्र जगभर नाव कमावलं. दुसरी गोष्ट आपल्या विषयाची आहे. त्या काळी वाफेच्या बॉयलरचा स्फोट होऊन माणसं दगावत. ऑटोने नळ्यांच्या वेटोळ्यांचा असा छोटा बॉयलर बनवला, ज्यात एका वेळी पाणी कमी असल्याने स्फोटाचा धोका पुष्कळ कमी झाला. त्यावर त्याचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. 1890 पासून तो नफ्यातला चौथा वाटा कामगारांना देऊ लागला. म्हणजे सुरक्षिततेचा विचार त्याच्याकडे उडण्याच्या आधीपासून होता. तो बेधडक उड्या मारणारा साहसवीर नव्हता.

आधी मोजमाप, मग उडी

ऑटो आणि गुस्ताव यांनी गोल फिरणाऱ्या दांड्याला निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग लावून हवा किती उचल देते हे मोजलं. सपाट फळीपेक्षा किंचित कमानदार पृष्ठभाग जास्त उचल देतो, हे त्यांच्या आकड्यांतून स्पष्ट झालं. करकोच्याचा पंखही तसाच असतो. 1889 मध्ये ऑटोने पक्ष्यांचं उड्डाण हाच पाया धरून उडण्याच्या विद्येवर पुस्तक लिहिलं. पहिलं खरं उड्डाण झालं 1891 मध्ये. तेव्हा तो 43 वर्षांचा होता!

आणि ते उड्डाणही एकदम नाही. आधी घरच्या बागेत एक फळी, साधारण मीटरभर उंच. तिच्यावरून पंख घेऊन उडी. जमलं की फळी थोडी वर. मग गावाबाहेरचा उंचवटा, तिथे 25 मीटरपर्यंत मजल. 1893 पासून रिनो गावाजवळच्या टेकड्या, तिथे 250 मीटरपर्यंत मजल. 1894 मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड इथे त्याने चक्क 15 मीटर उंचीची मातीची टेकडी उभारून घेतली. तिचा आकार शंकूसारखा का? तर वारा कुठूनही येवो, त्याच्याकडे तोंड करून धावता यावं म्हणून.

मॉडेल क्लब चालवणाऱ्यांनी हा क्रम वहीत लिहून ठेवावा. मैदानाच्या कडेला आधी कापडी झेंडा लावा, म्हणजे वारा दिसेल. उड्डाण आणि उतरणं दोन्ही वाऱ्याकडे तोंड करून. नवशिक्या मुलाला आधी कॉम्प्युटरवरचा सराव द्या. मग शिक्षकाच्या रिमोटला जोडलेला दुसरा रिमोट द्या, म्हणजे गडबड झाली की ताबा आपल्या हातात येतो. एकट्याने उडवणं त्यानंतर.

बंपरची युक्ती

ऑटोचे पंख सोललेल्या विलोच्या काड्यांचे आणि त्यावर ताणलेल्या सुती कापडाचे होते. 1894 नंतर त्याने एक ठरावीक नमुना तयार करून विकायलाही काढला. त्याचं वजन सुमारे 20 किलो, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 6.7 मीटर. ऑटो हातांवर लटकायचा आणि पाय हलवून तोल सांभाळायचा. उजवीकडे वळायचं तर शरीर उजवीकडे, नाक खाली करायचं तर शरीर पुढे.

पडण्याची शक्यता तो जाणून होता. त्याने पंखांच्या पुढे विलोच्याच फांदीचं एक लवचिक कडं बसवलं, गाडीच्या बंपरसारखं. एकदा तो नाकावर आपटला तेव्हा कड्याचे तुकडे झाले आणि ऑटो किरकोळ जखमांवर वाचला.

मॉडेल विमानातली कडी वेगळी असतात. रिमोट आधी चालू, विमानाची बॅटरी त्यानंतर. बंद करताना बरोबर उलटं. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद होईल अशी व्यवस्था तपासलेली हवी. उडवण्याआधी लांब चालत जाऊन रिमोट तिथपर्यंत पोचतो का, ते बघायचं. फिरत्या पंख्याच्या समोर किंवा रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती वापरायची नाही आणि चार्ज करताना जवळ मोठं माणूस हवंच.

9 ऑगस्ट 1896

ऑटोने सुमारे 2000 उड्डाणं केली. सगळी मिळून हवेतला वेळ जेमतेम 5 तास. मुलांना भागाकार करायला लावा : एका उड्डाणाला सरासरी 9 सेकंद!

त्या दिवशी तो श्टोल्न गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर होता. सोबत त्याचा मेकॅनिक पाउल बायलिश होता. उडताना हवेने पुढचा भाग उचलला, पंखांचा वेग संपला. ऑटोने शरीर पुढे झोकून नाक खाली आणायचा प्रयत्न केला, पण वेळ आणि उंची पुरली नाही. सुमारे 15 मीटरवरून तो खाली आला. मानेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय होतं 48. मागे पत्नी आग्नेस आणि चार मुलं होती.

याला इंग्रजीत स्टॉल म्हणतात आणि मॉडेल उडवणारे आजही हाच शब्द वापरतात. नाक फार वर गेलं की पंखावरून हवा नीट वाहत नाही, उचल संपते आणि विमान कोसळतं. मॉडेल विमान खाली येताना दिसलं की नवशिकं मूल घाबरून कांडी मागे ओढतं, नाक आणखी वर जातं आणि विमान धाडकन पडतं. इलाज उलटा आहे : नाक थोडं खाली, वेग घ्या, मग सावकाश वर. पण त्यासाठी उंची शिल्लक हवी. म्हणून नवशिक्याने जमिनीलगत कसरती करायच्या नाहीत.

इथे आपण थोडं थांबू या. या माणसाने वारा पाहिला, टेकडी बांधली, पायरी-पायरीने उंची वाढवली, बंपर बसवला. तरी गेला. कारण एका धोक्यावर त्याच्याकडे पुरेसा उपाय नव्हता : शरीर झोकून मिळणारा ताबा थोडाच असतो. दोन हजार वेळा सुखरूप उतरल्यामुळे तो धोका कमी झाला नव्हता.

पुढे काय झालं?

त्याच्या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतल्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांना या विषयाकडे गंभीरपणे वळवलं. त्यांनी ऑटोचे आकडे वापरले, मग स्वतः तपासले. आणि ताबा हाच मुख्य प्रश्न मानला. 1900 मध्ये किटी हॉकच्या वाळूवर त्यांनी आपलं ग्लायडर बहुतेक वेळा माणूस न बसवता, पतंगासारखं दोरीने उडवून पाहिलं. पडलं तर लाकूड मोडेल, मान नाही.

शिक्षकहो, पालकहो, मॉडेल विमानाचं मोल नेमकं इथे आहे. त्यात कुणी बसलेलं नसतं. ऑटोला जी चूक जिवावर बेतली, ती आपलं मूल दहा वेळा करू शकतं आणि दहाव्यांदा सुधारू शकतं. अट एकच : जमिनीवरची माणसं वाचली पाहिजेत. किलो-दीड किलोचं वेगातलं विमान डोक्यात बसलं तर ते खेळणं राहत नाही. म्हणून उडवणारे एका रेषेत उभे, बघणारे त्यांच्या मागे, आणि विमान त्या रेषेच्या मागे कधीच न्यायचं नाही. शेजारी एक निरीक्षक, जो फक्त आकाश आणि मैदान बघेल. विमान वाचवायचं की माणूस, असा प्रसंग आला तर विमान मुद्दाम रिकाम्या जागी पाडायचं, हे मुलांना आधीच सांगा. त्यासाठी रागवायचं नाही, हे आपण आधीच ठरवू या.

आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांत अशा मॉडेल विमानांचाही विचार केलेला आहे. मैदान ठरवण्याआधी तिथलं हवाई क्षेत्र कोणत्या रंगात येतं, ते सरकारी नकाशावर पाहून घ्या. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवलं जातं. जवळ असं पथक असेल तर त्यांची मदत मागा.

वर्गात घेण्यासाठी

1. कागदी विमानाच्या शेपटीला एक क्लिप लावून सोडा. नाक वर जाईल आणि विमान पडेल. तीच क्लिप नाकाजवळ लावा आणि पुन्हा सोडा. काय बदललं, ते मुलांनाच सांगू द्या.
2. ऑटोने पहिल्या उड्डाणाआधी काय काय केलं, त्याची क्रमाने यादी करायला सांगा.
3. शाळेच्या मैदानाचा नकाशा काढून घ्या. वारा कुठून येतो, विजेच्या तारा कुठे, रस्ता कुठे, बघणारे कुठे बसतील, हे मुलांनी खुणांनी दाखवायचं.

हा तिसरा नकाशा पूर्ण आणि बरोबर झाल्याशिवाय रिमोट कपाटातून बाहेर काढू नका.