न्यायमंदिराचा नकाशा काढणारे धर्मगुरू

आपल्या मंदिराच्या या ज्युबिलीप्रसंगी एका थोर धर्मगुरूचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

फादर सॅम्युएल मात्सुकेल्ली यांचा जन्म इटलीतील मिलान शहरी १८०६ साली सधन कुळात झाला. सतराव्या वर्षी ते डोमिनिकन संघात शिरले, १८२८ साली अमेरिकेस गेले व १८३० साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

त्या देशातील इलिनॉय संस्थानात १८२७ साली जो डेव्हिस काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा मुलूख, स्थापन झाली. गलीना हे तिचे मुख्य ठाणे. १८३५ पासून फादर त्या शिशाच्या खाणींच्या प्रदेशात सेवा करू लागले. आयरिश खाणकामगार त्यांच्या अवघड नावाचा अपभ्रंश करून त्यांस फादर मॅथ्यू केली म्हणत. त्यांनी वीसाहून अधिक मंदिरे उभारिली आणि गलीना येथील न्यायमंदिराचा नकाशाही त्यांनीच काढिला, असे सांगतात.

धर्मगुरूस कोर्टकचेरीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण जेथे न्यायासनास जागा नाही, तेथे बळी तो कान पिळी, आणि भरडला जातो गरीबच. त्याचे रक्षण करणे हीही प्रभूचीच सेवा होय.

१८६४ च्या कडक हिवाळ्यात आजाऱ्यांच्या भेटीस गेले असता त्यांस थंडी बाधली व फेब्रुवारीत बेंटन गावी न्यूमोनियाने त्यांचे देहावसान झाले. १९९३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस 'पूजनीय' म्हणून घोषित केले.

बंधुभगिनींनो, ज्युबिलीत आपण मंदिराची वर्षे मोजतो; आजाऱ्याच्या दारी आपली पावले किती वेळा गेली, हेही मोजू या.